चारच्या वर

निवृत्त नर्सला सोसायटीत दोन कामं असतात. कुणाचंही ब्लडप्रेशर मोजून द्यायचं, आणि चांगलं हॉस्पिटल कुठलं ते सांगायचं. पहिलं काम मी अजून आनंदाने करते. यंत्र दाराजवळच्या टेबलावरच ठेवलेलं आहे, बिल्डिंगमधली माणसं भाजी घेऊन येता येता हात पुढे करतात. दुसरं मात्र टाळते. “सावंत सिस्टर, तुम्ही सगळं आतून बघितलंय, तुम्हीच सांगा,” असं म्हणत कुणी सोफ्यावर बसलं, की मी चहा टाकायला उठते.

आतून बघितलंय हे खरं आहे. बत्तीस वर्षं बघितलं. सुरुवातीला पुरुषांच्या वॉर्डात होते, शेवटची अकरा वर्षं स्त्रियांच्या वॉर्डची इन्चार्ज. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. वसई-विरारच्या पट्ट्यात हॉस्पिटलांची वाण नाही, त्यांपैकी एक समजा. आमचं काही फार वाईट नव्हतं. पुष्कळ माणसं तिथे आली आणि बरी होऊन चालत घरी गेली. मी आज जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती बरी होऊन गेली, पण चालत गेली नाही.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. चांगली सेवा कशाला म्हणायचं, याबद्दल नर्स आणि पेशंट यांचं कधी जमत नाही. आमच्या लेखी चांगली सेवा म्हणजे सुई पहिल्या टोचण्यात शिरेत जाणं, टाके कोरडे राहणं, पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखम न होणं. म्हणजे बघा, निम्म्याहून जास्त गोष्टी न घडण्याच्या आहेत. न घडलेली गोष्ट पेशंटला दिसणार कशी? त्याला दिसते ती चादर, चहा गार होता की गरम, आणि सिस्टर हसली की नाही. आमच्यात एक सीनियर होती, तिचं बोट लागलं की शीर आपणहून वर येते असं आम्ही म्हणायचो. पण चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. तिच्याबद्दल कधी कुणी एक चांगला शब्द लिहून दिला नाही. दुसरी एक गोड बोलायची आणि तीन-तीनदा टोचायची. तिला पेढे मिळायचे.

सातिवलीच्या एका कारखान्यातला कामगार आठवतो. प्रेस मशीनमध्ये त्याची दोन बोटं चिरडली होती. सर्जनने अडीच तास खपून एक बोट वाचवलं, आम्ही तीन आठवडे ड्रेसिंग केलं, पण जाताना तो पाया पडला आमच्या आयाबाईंच्या. का, तर पहिल्याच दिवशी त्याच्या केसांतलं मशीनचं तेल त्यांनी दोनदा शिकेकाई लावून धुऊन काढलं होतं. “माँ ने धोया था ऐसे, उसके बाद आपने,” म्हणाला. आम्ही सगळ्या जराशा हिरमुसलो. तेव्हा वाटलं, याला काय कळतंय. आता वाटतं, त्याला जे कळलं तेही खरंच होतं.

आणि दुसरे ते प्रधान काका. मंत्रालयातून निवृत्त, हर्नियाचं ऑपरेशन, उशाशी चष्म्याचं घर आणि एक लांबट वही. वहीत ते आमची हजेरी लिहायचे. ‘१०.४० बेल वाजवली. १०.५२ सिस्टर आली. येते म्हणून गेली. ११.१५ अजून आलेली नाही.’ मुली त्यांना ऑडिटर म्हणायच्या आणि त्यांच्या खाटेकडे कोण जाणार यावर चिठ्ठ्या टाकायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सलाइनच्या जागी चुरचुरतंय असं सकाळपासून तीन वेळा वहीत लिहिलं आणि ती वही माझ्यासमोर धरली. मी वैतागून पट्टी सोडली. शीर लाल होऊन वरपर्यंत टणक झाली होती. वेळेवर सुई काढली म्हणून हात वाचला, नाहीतर पू झाला असता. काकांनी घरी जाताना फॉर्मवर नर्सिंगपुढे ‘असमाधानकारक’ अशी खूण केली आणि खाली तीन ओळी आणखी लिहिल्या. आठवडाभर माझं डोकं तापलेलं होतं.

हे फॉर्म घरी जायच्या दिवशी देतात. स्वच्छता, जेवण, डॉक्टर, नर्सिंग, आणि प्रत्येकापुढे चार चौकटी: उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक. तोवर पेशंटने चपला घातलेल्या असतात आणि खाली रिक्षा उभी असते. बहुतेक माणसं ‘उत्तम’वर खुणा करत सरळ खाली येतात.

पण माझी खरी मिजास होती ती वेगळ्याच एका कागदावर. ताप मोजायला थर्मामीटर आहे, दुखणं मोजायला काही नाही. म्हणून आम्ही पेशंटलाच विचारतो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? तो जो आकडा सांगेल तो तक्त्यात लिहायचा. आमच्याकडे नियम असा होता, की आकडा चारच्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करायचा, जोरकस औषध द्यायचं आणि एक जादा फॉर्म भरायचा. दुखणं का वाढलं, आधीचा डोस वेळेवर दिला होता का, ड्युटीवर कोण होतं. नियम चांगल्यासाठीच केलेला होता. कुणी उगाच कण्हत पडू नये, एवढाच त्याचा हेतू.

पण फॉर्मवर नर्सचं नाव आलं, आणि दर शुक्रवारी क्वालिटी विभागाच्या मॅडम येऊन कुठल्या वॉर्डचे किती फॉर्म झाले ते आमच्या टेबलामागच्या पांढऱ्या फळ्यावर लिहू लागल्या. मग काय, तो आकडा पेशंटचा न राहता आमचा झाला. माझ्या वॉर्डपुढे पुष्कळदा शून्य असायचं. मी येता-जाता त्या शून्याकडे बघायचे. सकाळच्या राउंडला तक्ता हातात घेऊन प्रत्येक खाटेपाशी मोठ्याने वाचायची माझी पद्धत होती, आणि कुठे पाच-सहा दिसले की तिथल्या तिथे, पेशंटच्या देखत, त्या मुलीची हजेरी घ्यायची. “चारच्या वर गेलं की उत्तर मला द्यावं लागतं,” हे माझं ठरलेलं वाक्य. नव्या मुली माझी नक्कल करायच्या ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

अशात हिरूबाय आली.

गासची. पासष्टीची असेल, काटक, हातावर गोंदलेलं, कानात जड बुगड्या. नवरा केव्हाच गेलेला, एक लेक शेजारच्याच आळीत दिलेली. भाताची दोन खाचरं आणि घरामागे वाल, वांगी, मुळा. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन नालासोपाऱ्याच्या बाजारात बसायची आणि दुपारी चालत घरी. बुधवारी दुपारी बाजारातून येताना मागून मोटारसायकलचा धक्का बसला आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, प्लास्टर घातलं आणि वर आमच्याकडे पाठवलं. सात नंबरची खाट.

पहिल्या तासाभरात तिने सगळा वॉर्ड ओळखीचा करून टाकला. आजी म्हटलेलं तिला चालेना. “आजी माजी मेली. मना बाय बोला,” म्हणाली. मला म्हणाली, “सिस्टर, पाय कदी सोडनार? मागं वांग्यांना पानी कोन घालेल? लेकीला सांगतंय, पन ती आपली वरच्यावर शिपडते.”

“दीड-दोन महिने तरी पाय टेकायचा नाही, बाय.”

“दोन म्हयने?” तिने पायाकडे असं बघितलं, की जणू त्यानेच काही आगळीक केली आहे. “मंग माजी जागा जाल की बाजारातली. त्यो कोपरा मी तीस वरसं धरून ठेवलाय.”

तिची सारी काळजी तीच होती. पाय कसा दिसतो, वाकडा राहील का, याचं तिला काही नव्हतं. तो चालता हवा आणि कोपरा सुटायला नको, एवढंच.

तिच्या खाटेवर ड्युटी होती प्रीतीची. ही नालासोपारा पूर्वेची मुलगी, शिकून नुकतीच लागलेली, हात हळुवार पण घाबरट. गुरुवारी सकाळी तिने हिरूबायला पुसून काढलं, केस विंचरून वेणी घालून दिली. हिरूबाय तिला वाल सोलायची युक्ती सांगत होती आणि ही हसत होती. ते मी माझ्या टेबलावरून बघितलं होतं.

दहाच्या सुमाराला मी राउंडला निघाले. सहा नंबरच्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांच्या तक्त्यात प्रीतीने नऊ वाजताचा आकडा लिहिला होता आठ.

मी विचारलं, “आठ कसा? सहाचा डोस दिला होता का?”

“नाइटवाल्या सिस्टरने दिलाय मॅडम. पण त्यांना दुखतंय, तर मी...”

“दिला असेल तर आठ कसा? नीट विचारलंस का? तुम्ही मुली तोंड वेंगाडून विचारता, मग माणूस आठच सांगणार. आज गुरुवार आहे. उद्या फळ्यावर नाव कुणाचं लागणार? चारच्या वर गेलं की उत्तर मला द्यावं लागतं.”

प्रीती औषधांच्या ट्रॉलीमागे गेली आणि तोंड फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते. मी पुढच्या खाटेकडे वळले. पुढची खाट सातची.

“तुमचं किती, बाय?”

हिरूबायने माझ्याकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे. “दोन,” म्हणाली.

“बघ,” मी प्रीतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. “पाय मोडून पडल्यात, आणि दोन.”

आता प्लास्टरबद्दल थोडं सांगते. हाड मोडलं की मांसाला सूज येते. सूज फार वाढली आणि वर प्लास्टरचं कवच असलं, की तिला पसरायला जागा राहत नाही, मग ती आतच दाबत जाते. स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. भयंकर गोष्ट अशी, की बाहेर बराच वेळ काही दिसत नाही. पायाची बोटं गुलाबी असतात, हाताला गरम लागतात, आणि आत पाय मरत असतो. आधी एकच गोष्ट सांगून जाते, दुखणं. नुसत्या मोडलेल्या हाडाचं असतं त्याच्या कितीतरी पट आणि इंजेक्शनला न जुमानणारं. बोट धरून जरा वर ओढलं तर माणूस किंचाळतो. काही तासांत प्लास्टर कापलं तर पाय वाचतो. हे मी दर वर्षी नव्या मुलींना शिकवायचे. फळ्यावर पायाचं चित्र काढून शिकवायचे.

प्रीतीने नेमून दिल्याप्रमाणे दर तासाला बघितलं. रंग ठीक, गरम. किती दुखतंय? दोन. अकराला दोन, बाराला दोन, एकला दोन. जेवणाचं ताट तसंच परत गेलं. प्रीतीने विचारलं तर “भूक नाय पोरी,” म्हणाली. जोरकस इंजेक्शन चारच्या वर असेल तरच द्यायचं होतं, त्यामुळे ते दिलं गेलं नाही.

दोन वाजता पाळी बदलायच्या आधी मी स्वतः फिरले. सात नंबरपाशी उभी राहिले. सकाळपासून अखंड बोलणारी बाई गप्प पडली होती. पदराचं टोक तोंडात होतं, चावून चावून ओलं झालेलं. आणि उजव्या हाताने तिने खाटेची कडेची दांडी धरली होती, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. हे सगळं मी बघितलं. आजही डोळे मिटले की तो हात आधी दिसतो.

“बोटं हलवा बाय.”

तिने जराशी हलवली.

“किती?”

“दोन.”

बोट आपण धरून ओढून बघायचं असतं. मी ओढलं नाही. तक्त्यावर नजर टाकली, सकाळपासून एका खाली एक दोन, दोन, दोन. मी खाली सही केली आणि पाचपर्यंतचं माझं टेबलावरचं काम उरकायला गेले.

पाच वाजता भेटीच्या वेळेला लेक आली. डबा ठेवला, आईकडे बघितलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. मी पर्स उचलून निघायच्या बेतात होते.

“सिस्टर, आयेला काय झालाय? ती मना बोलली बी नाय.”

“दमल्या असतील. दुखत नाहीये त्यांना.”

“माजी आय दमली की जास्त बोलते,” लेक म्हणाली.

मी तिच्याबरोबर गेले. लेकीने सहज, पांघरूण सारखं करताना, प्लास्टरबाहेरच्या बोटांना धरलं. हिरूबायच्या तोंडून जो आवाज आला तो वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकला. मी बत्तीस वर्षांत पुष्कळ ओरडणं ऐकलंय. ते तसं नव्हतं. दिवसभर दाबून ठेवलेलं एकदम सुटलं होतं.

मग सगळं भराभर झालं. डॉक्टर धावत आले, प्लास्टर कापलं, पाय फुगून दगडासारखा टणक झाला होता. तासाभरात ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन तो उभा चिरून मोकळा केला. पण आतलं मांस गेलं होतं. तीन दिवस डॉक्टरांनी आशा सोडली नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल.

हिरूबायने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “गुडगा राहेल ना?”

“राहील.”

“मंग बसता येल,” म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

त्या दुपारी, थिएटरमध्ये न्यायच्या आधी, मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. तिथवर माझ्या मनात कुठेतरी तिच्याबद्दल रागच होता, तोही कबूल करते. दहा वेळा विचारलं, एकदा तरी सांगायचं.

“बाय, एवढं दुखत होतं तर दोन का सांगत होतात?”

ती मग हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, “तुमी त्या पोरीला बोलला ना सकालच्याला. शेजारनीनं आठ सांगितला म्हनून. पोर रडली. माजी येनी घातली तिनं, आंग पुसला. मी पन आठ-नव बोलली असती, तर तुमी परत तिलाच बोलला असता. मना वाटला, दुकतंय ते दुकतंय, संद्याकालपर्यंत कमी होल.”

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. लाज वाटली, एवढं लिहिते. ट्रॉली ढकलायला माणसं आली म्हणून मी उठले.

आठवड्याभराने चौकशी झाली. मेट्रन, दोन डॉक्टर, क्वालिटीच्या मॅडम, आणि समोर मी आणि प्रीती. तक्ता टेबलावर होता. तो कसा होता विचाराल तर आदर्श होता. एक तास चुकलेला नाही, एक सही राहिलेली नाही, खाडाखोड नाही. “नोंदी व्यवस्थित आहेत,” असं सगळ्यांनी आळीपाळीने म्हटलं. मग मेट्रननी मला विचारलं, “सावंत सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?”

सांगायचं होतं. ती सकाळ सांगायची होती, ती दोन वाजताची पांढरी पेरं सांगायची होती. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. आणि तेही कारण खरं नाही. खरं हे, की त्या खोलीत माझं नाव चांगलं होतं आणि मला ते तसंच हवं होतं.

“पेशंटने दुखणं कमी सांगितलं,” मी म्हटलं.

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. प्रीतीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. तिला सहाच्या खाटेवरून मी काय बोलले ते तिनेही सांगितलं नाही. दोघींना दोष नाही असं कागदावर आलं. दोन महिन्यांनी प्रीतीने नोकरी सोडली, आमचीच नव्हे, नर्सिंगचीच. आता एका शाळेच्या ऑफिसात असते. मी एकदा फोन केला होता, माफी मागायचं ठरवून. तिने मला तिथवर पोचूच दिलं नाही. “जाऊ दे ना मॅडम. मी बरी आहे इथे. माझ्यामुळे कोणाला काय होत नाय,” म्हणाली.

हिरूबाय घरी गेली त्या दिवशी फॉर्म लेकीने भरला. स्वच्छता उत्तम. जेवण उत्तम. डॉक्टर उत्तम. नर्सिंग उत्तम. खाली हिरूबायचा अंगठा. आणि सूचनांच्या रेघेवर, बहुधा आईने सांगितलं तसंच, लेकीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘सिस्टर लोकांना पेशंटसमोर ओरडू नये.’

त्या वर्षी आमच्या वॉर्डला उत्कृष्ट वॉर्डची ढाल मिळाली. सगळ्या फॉर्मांची बेरीज करून देतात. माझ्या निरोप समारंभात ती मुलींनी हौसेने मलाच दिली. ती कपाटात आहे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. प्रधान काकांनी केलेल्या खुणेवर मी आठवडाभर चरफडले होते. अशी एक वही सात नंबरच्या उशाशी असती तर, असं आता पुष्कळदा मनात येतं.

गासला जायला मला दोन वर्षं लागली. वसईहून रिक्षाने फार तर अर्धा तास, पण दोन वर्षं लागली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी गेले. लेकीनेच दार उघडलं. ती आता आईकडेच राहायला आली आहे. हिरूबाय पडवीत खाटेवर बसली होती, मांडीवर सूप, सुपात वाल. जयपूर फूट कोपऱ्यात उभा होता, त्यावर पातळ वाळत घातलेलं. बाजारातला कोपरा गेला होताच. वांग्यांच्या जागी आता नुसती केळ होती, तिला कमी बघावं लागतं म्हणून.

तिने मला लगेच ओळखलं. चहा सांगितला, लेकीला ओरडून सांगितलं की चांगल्या कपात दे. मी काय बोलायचं ते रिक्षात दहादा घोकलं होतं. पण तिने आधी विचारलं, “ती पोर कशी हाय? प्रीती? हाय ना तितंच?”

“आहे,” मी म्हटलं. तिने नोकरी सोडली हे सांगायचं मला धैर्य झालं नाही.

“तिला नाय ना मंग कोन काय बोलला? माज्या पायावरनं?”

“नाही. कुणीच नाही.”

“बरा झाला.” ती समाधानाने वाल सोलू लागली.

मग मी सांगितलं. चौकशीत मी काय बोलले ते, काय बोलले नाही ते, तिचा दांडीवरचा हात मी बघितला होता तेसुद्धा. तिने मान खाली घालून ऐकलं. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, “तू तरी काय करनार? तुज्या बी वर कोन असल.” हॉस्पिटलात ती मला तुमी म्हणायची. इथे तू म्हणाली, म्हणून मला रडू आलं.

डोळे पुसून, काहीतरी बोलायचं म्हणून, जुन्या सवयीने मी विचारलं, “आता दुखतं का, बाय?”

पाय कापला तरी नसलेल्या पायाचं दुखणं मागे राहतं. बोटं नसतात, पण ती पिळवटल्यासारखी दुखतात. ते मनाचं नसतं, खरं असतं, आणि त्यावर औषधंही असतात.

“दोन,” हिरूबाय म्हणाली.

या वेळी मी आधी तिच्या हाताकडे बघितलं. सूप मांडीवर होतं, डाव्या हातात वालाची शेंग होती. उजव्या हाताने तिने खाटेची पट्टी धरली होती. मी जवळ सरकले, तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तो हात माझ्या हातात घेतला. खरबरीत, थंड हात.

“बाय, माझ्याकडे तक्ता नाही. मला कुणाला उत्तर द्यायचं नाही. खरं सांगा. उद्या मी स्वतः तुम्हाला डॉक्टरांकडे नेते.”

तिने समोरच्या केळीकडे बघितलं. लेक चहा घेऊन दारात येऊन थांबली होती.

“नव,” हिरूबाय म्हणाली. आणि लगेच माझा हात दाबून, “पन त्या पोरीला नको काय बोलू.”